दात हलतो तेव्हा



गेल्या सुगीत घरभेटी करीत असता एका घरी आमच्यापुढे भाजलेल्या शेंगांचे सूप ठेवण्यात आले. घरातील लहानथोर सर्वांनी त्यावर हात मारला. घरची माउली मात्र शेंगा सोलीत होती आणि दाणे मुलांच्या तळहातावर ठेवीत होती. स्वतः एकही दाणा तोंडात टाकीत नव्हती. कारण विचारता ती हसून म्हणाली, ‘‘फादर, समोरचे दोन दात हलतात. आमच्या आईचेही असेच गेले. वय झालं आता.’’ वय विचारले, तर एकेचाळीस! म्हणजे आमच्याहून तीन वर्षांनी लहान. ‘‘अहो, मग कोणास दाखविले का नाही?’’ असे आम्ही म्हणताच तिने जे उत्तर दिले ते आजच्या ह्या सदराचे निमित्त होय. ती म्हणाली, ‘‘दुखलं असतं तर दाखवलं असतं की!’’

दाढ ठणकू लागली म्हणजे माणूस रात्री उठून बसतो, लवंग दाबतो, संत अपोलोनियेचा धावा करतो आणि सकाळी पहिली बस धरून दंतवैद्याकडे जातो. ती कीड दाताच्या आतील नसेपर्यंत पोचलेली असते आणि नस ओरडून सांगते. परंतु हिरडीचा जो रोग आपल्याकडे ‘पायोरिया’ ह्या नावाने ओळखला जातो, तो बहुधा ओरडत नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने आपले काम करतो आणि शेवटी चांगला, न किडलेला, पांढराशुभ्र दात हातात काढून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील प्रौढांपैकी सुमारे १९ टक्के लोकांस हा रोग तीव्र स्वरूपात झालेला आहे; डोकी मोजल्यास संख्या शंभर कोटींवर जाते. तेव्हा तो काय करतो व कसा करतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम दात जबड्यात कसा बसतो ते पाहू. आपली सर्वसाधारण समजूत अशी की, खुंटी भिंतीत ठोकावी तसा दात हाडात रुतलेला असतो. वस्तुस्थिती तशी नाही. दाताचे मूळ आणि हाडाची खाच ह्यांच्यामध्ये सर्व बाजूंनी एक अरुंद फट असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी. ह्या फटीत कोलॅजेन नामक चिवट द्रव्याचे असंख्य तंतू ताणलेले असतात. त्यांचे एक टोक मुळावरील पातळ सीमेंटासारख्या थरात आणि दुसरे हाडात घट्ट रोवलेले असते. बाजेच्या चौकटीत सुंभ विणलेला असतो ना, तसेच हे. बाजेवर बसले म्हणजे भार सुंभावर येतो व सुंभ तो चौकटीकडे पोचवितो. त्याचप्रमाणे भाकरीचा घास चावताना पडणारा भार हे तंतू झेलतात व हाडाकडे नेतात. दात ठोकलेला नसून टांगलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे सोपे जाते.

ह्या विणीच्या वर हिरडीची गळपट्टी असते. हिरडीतही तसेच तंतू असून काही दाताभोवती कड्याप्रमाणे फिरतात, तर काही एका दाताच्या मुळापासून शेजारच्या दाताच्या मुळापर्यंत, हाडाच्या माथ्यावरून, पूल बांधल्यासारखे जातात. हिरडीची कड व दात ह्यांमध्ये एक उथळ चर असतो. निरोगी तोंडात त्याची खोली एक ते तीन मिलिमीटर भरते. साऱ्या अनर्थाचा आरंभ ह्याच चरात होतो.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. हा सुंभ एकदा विणला आणि जन्मभर पुरला, असे नाही. दातामुळाभोवतीचे कोलॅजेन शरीरातील इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा त्वरेने जुने होते व नवे भरले जाते. जुना पेड काढावयाचा, नवा वळावयाचा, हे काम तेथील पेशी अहोरात्र करीत असतात. हाडाचेही तेच. हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात एका जातीच्या पेशी जुने हाड विरघळवितात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी नवे घालतात. जमा आणि खर्च यांचा मेळ जोवर बसतो तोवर दात घट्ट. रोग येतो तो बाहेरून नवीन काही आणून नव्हे. तो हा मेळ बिघडवितो.

आता रोगाकडे वळू. दात घासून तासभर होतो न होतो तोच त्यावर जिवाणूंचा थर धरू लागतो. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाही, पण दोन दिवस दात न घासल्यास जिभेस खरखरीत लागतो. हॉलंडातील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली आपल्याच दातांवरचा हा मळ खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली ठेविला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून तो चकित झाला. सिरक्याने चूळ भरून पाहता वरवरचे जीव मेले, पण मळाच्या आत दडलेले जिवंत राहिले, हेही त्याने टिपून ठेविले आहे. नुसत्या चुळा भरून अथवा बाजारातील रंगीत पाण्याने गुळण्या करून दात स्वच्छ होतात असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. हा थर घासूनच निघतो. न घासल्यास लाळेतील क्षार त्यात बसून काही दिवसांतच तो दगडासारखा कठीण होऊ लागतो. त्यास आपण किटण म्हणतो. किटण मग ब्रशाने निघत नाही आणि त्याच्या खडबडीत पाठीवर नवा थर अधिकच सुखाने नांदतो.

हा थरच हिरडीच्या रोगाचे कारण आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले ते १९६५ साली. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅरल्ड लो ह्या नॉर्वेजियन दंतवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसे निवडली. त्यांतील बरीच दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होती. त्यांस दात घासण्याची बंदी करण्यात आली. (आमच्या वसतिगृहातील मुलांस ही बातमी कळू नये अशी आमची इच्छा आहे.) दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. मग पुन्हा घासणे सुरू करविले. सुमारे आठवडाभरात सर्वांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या.

त्या दोन-तीन आठवड्यांत हिरडीच्या आत काय घडते, ते सूक्ष्मदर्शकाने पाहिलेले आहे. जिवाणूंची विषे आत झिरपू लागताच रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी चराकडे धाव घेतात. त्या शत्रूशी लढण्यासाठी आलेल्या असतात आणि लढतातही. परंतु लढताना त्या जी विकरे सोडतात, ती जिवाणू व कोलॅजेन असा भेद करीत नाहीत. कोलॅजेनचा तिपेडी दोर सहजासहजी तुटणारा नव्हे. पण तो कापणारे खास विकर आपल्याच शरीरात आहे. १९६२ साली ग्रॉस व लापिएर ह्या दोघा संशोधकांनी ते प्रथम ओळखले, तेही कोठे, तर बेडकाच्या पिलाच्या शेपटीत! पिलाचा बेडूक होताना शेपटी जिरून जाते, ती ह्याच विकराच्या योगाने. जी कात्री बेडकाची शेपटी कापते, तिच्याच जातीची कात्री आमच्या-तुमच्या हिरडीत चालते. पेज व श्रोडर ह्यांनी १९७६ साली ह्या रोगाच्या पायऱ्या वर्णन केल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, अगदी आरंभीच्या अवस्थेतच, सूज असलेल्या जागेतील साठ ते सत्तर टक्के कोलॅजेन नष्ट झालेले असते. हिरडी मऊ व सैल का पडते आणि घासताना रक्त का येते, ह्याचे उत्तर येथे आहे. तथापि ह्या पायरीवर हाडास धक्का लागलेला नसतो. मळ काढला की विणकरी पेशी नवा पेड वळतात आणि हिरडी पुन्हा घट्ट बसते. रक्त येते म्हणून घासणे सोडून देणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले. ते नेमके उलट करतात.

पुढची पायरी सर्वांच्या वाट्यास येत नाही, पण ज्यांच्या वाट्यास येते त्यांचे नुकसान मोठे. मुळास चिकटलेले वरचे तंतू तुटले म्हणजे तेथे उघडी जखम राहते. शरीरास उघडी जखम खपत नाही. म्हणून हिरडीचे अस्तर त्या जखमेवरून मुळाच्या कडेने खाली उतरते आणि तिला झाकते. हेतू चांगला, परिणाम मात्र असा की, अस्तर जेथवर उतरले तेथवर तंतू पुन्हा मुळास धरू शकत नाहीत. तीन मिलिमीटरचा चर पाच-सहा मिलिमीटरचा कप्पा होतो. त्याच्या तळाशी ब्रशाचा केस पोचत नाही व हवा खेळत नाही. आणि हवेवाचून वाढणाऱ्या अधिक उपद्रवी जिवाणूंस असे आयते बिळ मिळाले की, तेथे त्यांचे राज्य सुरू होते. तोंडास येणारी दुर्गंधी पुष्कळदा येथून निघते.

आणि हाड? लोक म्हणतात, ‘जंतूंनी हाड खाल्ले.’ जंतू हाड खात नाहीत. बहुधा ते हाडापर्यंत पोचतही नाहीत. सूज हाडाच्या जवळ आली म्हणजे तेथील पेशी एक रासायनिक निरोप धाडतात. ह्या निरोप्या द्रव्याचा शोध गेल्या शतकाच्या अखेरीस, १९९७-९८च्या सुमारास लागला. तो निरोप मिळताच हाड विरघळविणाऱ्या पेशींची, म्हणजे ऑस्टिओक्लास्टांची, भरती वाढते. त्या हाडाच्या पृष्ठभागास चिकटून बसतात, आम्ल ओततात, क्षार विरघळवितात आणि उरलेले कोलॅजेन कापून टाकतात. नवे हाड घालणाऱ्या पेशी मागे पडतात व खर्च जमेहून वाढतो. पाहणीत असे आढळले आहे की, मुळावरील मळापासून साधारण दीड ते अडीच मिलिमीटरच्या टापूतच हाड झिजते. मळ खाली सरकला की हाडही तितकेच खाली हटते. शेजारच्या शेतात वणवा पेटलेला पाहून शहाण्या शेतकऱ्याने आपली गंजी मागे न्यावी, तसे हाड रोगापासून मागे सरते. रोग आत जबड्यात शिरू नये म्हणून शरीर दाताचा बळी देते, असे म्हटल्यास चुकीचे होणार नाही.

ह्या पडझडीत एक गोष्ट आम्हास विशेष वाटली. दोन दातांमधील तो तंतूंचा पूल आम्ही वर सांगितला. हाड खाली गेले म्हणजे तो तुटतो खरा, पण लगेच खालच्या पातळीवर पुन्हा बांधला जातो. हाड आणखी झिजले की पुन्हा खाली. अत्यंत झिजलेल्या जबड्यातही हाडाच्या माथ्यावर हे कुंपण उभे असलेले दिसते.

हे सारे चालू असता दात मात्र घट्टच वाटतो. मूळ लांब असते. वरची थोडी माती गेली म्हणून खांब लगेच हलत नाही. पुष्कळसे हाड गेल्यावर मग दात डुलू लागतो, समोरच्या दातांत पूर्वी नव्हत्या अशा फटी पडतात, दात लांब झाल्यासारखे दिसतात. दात लांब झालेले नसतात. भोवतालची जमीन खचलेली असते.

सर्वांच्याच हाडाची झीज का होत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे मोठे विलक्षण उत्तर आपल्या शेजारच्या बेटावर मिळाले. त्याच हॅरल्ड लो ह्यांनी १९७० साली, तेव्हाच्या सिलोनात, चहाच्या मळ्यांवरील ४८० मजूर तपासले. सर्व पुरुष, वये चौदा ते एकतीस. त्यांस दंतवैद्य ठाऊक नव्हता व ब्रशाची सवय नव्हती. सर्वांच्या दातांवर मळ व किटण, सर्वांच्या हिरड्या सुजलेल्या. पंधरा वर्षे, म्हणजे १९८५पर्यंत, त्यांची पुनःपुन्हा तपासणी झाली. सर्वांची दशा सारखी, तर फळही सारखे मिळावयास हवे होते. पण तसे झाले नाही. सुमारे ८ टक्के मजुरांचा रोग झपाट्याने वाढला. ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने. आणि ११ टक्के असे निघाले की, त्यांच्या हिरड्या सुजल्या, पण रोग त्यापुढे गेलाच नाही. पस्तिसाव्या वर्षी पहिल्या गटातील माणसांच्या मुळांची पकड सरासरीने सुमारे ९ मिलिमीटर सुटलेली होती, दुसऱ्यांची ४, आणि तिसऱ्यांची १हूनही कमी. मळ तोच, मळ्यावरचे राहणेही तेच, पण सोसणारे शरीर वेगळे. ‘आमच्या आज्याने कधी ब्रश पाहिला नाही आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खाई’ असे आम्हास वरचेवर ऐकविणारे गृहस्थ त्या अकरा टक्क्यांतील आज्याचे नातू असावेत. आज्याचे दात वारशाने मिळतीलच अशी खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही.

शरीराची ही सोशिकता कमी करणाऱ्या दोन गोष्टी आपल्या घराघरांत आहेत. पहिली तंबाखू. निपाणीचा तंबाखू ज्या मुलखात पिकतो त्या मुलखातील वाचकांस अधिक काय सांगावे? पुरुष बिडी ओढतात, चुना मळतात. आणि बायका पहाटे उठून तव्यावर भाजलेली मिशेरी हिरड्यांस लावतात व तिलाच दात घासणे समजतात. तंबाखूने पांढऱ्या पेशींचे बळ घटते आणि जखम भरणे लांबते. शिवाय तो फसवितोही. त्याच्या योगाने हिरडीतील रक्तपुरवठा आखडतो, त्यामुळे रोग असूनही रक्त फारसे येत नाही. हिरडी फिकट व टणक दिसते आणि बाई म्हणते, मिशेरीने माझ्या हिरड्या घट्ट राहिल्या. दुसरी गोष्ट मधुमेह. रक्तातील साखर वाढलेली असली म्हणजे सूज अधिक भडकते, कोलॅजेन नीट वळले जात नाही आणि हाडाची भरपाई मंदावते. उलट हिरडीची सूज साखरेसही चढविते. हिरड्यांवर उपचार केल्यास मधुमेही माणसाची साखर थोडी का होईना उतरते, हे अलीकडील चाचण्यांनी दाखविले आहे.

उपचार काय, तर प्रथम हिरडीच्या वरचे व आतले किटण खरवडून मूळ गुळगुळीत करणे. ह्याविषयी गावोगाव एक समज पसरलेला आहे की, दात साफ करविले म्हणजे ते हलू लागतात. आधीच हलणाऱ्या दातांस किटणाने गारा लिंपल्यासारखे एकत्र जखडलेले असते. गारा काढला म्हणजे मूळची डुगडुग उघडी पडते, इतकेच. वरचा दात काढल्यास दृष्टी जाते, ही दुसरी समजूत. दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी. त्यांचा तसा काही संबंध नाही.

साफसफाईनंतर सूज उतरते, हिरडीतील तंतू पुन्हा भरतात, कप्पा उथळ होतो, डुलणारा दात काहीसा स्थिरावतो. गेलेले हाड मात्र सहसा पूर्ववत उंचीस येत नाही. ह्याचे कारण मेल्चर नामक संशोधकाने १९७६ साली मांडले: मोकळ्या झालेल्या मुळाशी कोणती पेशी आधी पोचते, त्यावर जखम कशी भरेल हे अवलंबून असते, आणि शर्यतीत हिरडीचे अस्तर सर्वांत चपळ. ते मुळावर पसरून बसते आणि सुंभ वळणाऱ्या पेशी बाहेर ताटकळत राहतात. त्यावर स्वीडनमधील नीमन व सहकाऱ्यांनी १९८२ साली अशी युक्ती काढली की, हिरडी व मूळ ह्यांमध्ये एक पातळ पडदा शिवून अस्तराची वाट अडवावी व सावकाश येणाऱ्या पेशींस अवधी द्यावा. काही विशिष्ट आकाराच्या खोल खड्ड्यांत ह्या रीतीने खरोखर नवे हाड व नवी वीण उगवते. परंतु हे काम खर्चाचे, आणि सर्व दातांस लागू पडणारे नव्हे.

आता त्या माउलीविषयी. ती एकटी जाण्यास धजेना, म्हणून तिचा धाकटा दीर, ती आणि आम्ही असे तिघे तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे गेलो. तिने वीस-बावीस वर्षे मिशेरी लावलेली. हिरड्यांतून रक्ताचा थेंब नाही, आणि समोरच्या खालच्या दातांशी कप्पे सात मिलिमीटरचे. क्ष-किरणाच्या चित्रात त्या दोन दातांभोवती हाड जेमतेम शेंड्याशी उरलेले होते. डॉक्टरांनी साखर तपासावयास सांगितली. ती वाढलेली निघाली, आणि ह्याची घरात कोणास वार्ताही नव्हती. तिचे चाललेले असता डॉक्टरांनी आम्हासही खुर्चीवर बसविले. बारीक सळईने प्रत्येक दाताशी सहा-सहा ठिकाणी मापे घेत ते मोठ्याने आकडे सांगत होते व मदतनीस मुलगी लिहून घेत होती: तीन, तीन, चार, पाच... दुसऱ्यांस सांगावयास निघालेल्या आमच्या तोंडातून रुमालभर रक्त निघाले. दीर बिचारा आमच्याकडे न पाहता भिंतीवरील चित्र पाहत राहिला.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. तिच्या दोन दातांपैकी एक काढावा लागला. दुसरा शेजारच्या दातांस बारीक तारेने बांधलेला आहे. मागच्या दाढांचे सहा मिलिमीटरचे कप्पे चारवर आले आहेत, साखर गोळीने ताब्यात आहे. मिशेरीचा डबा तिने चुलीत टाकला असे ती सांगते; तिची सासू म्हणते, अर्धाच टाकला. थोरल्या मुलीची हिरडी डॉक्टरांनी पाहिली: सूज आहे, रक्त येते, हाड अजून शाबूत आहे. तिला महिन्याने पुन्हा बोलाविले आहे, आणि त्याच दिवशी आमचीही पाळी आहे.